ऊ थांट : दोन महासत्तांच्या मधला उपासक

विहाराच्या स्मरणिकेत आपण ज्यांची चरित्रं वाचतो ती माणसं बहुतेक चीवरातली असतात, नाहीतर चळवळीतली. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते गृहस्थ कोट-टाय घालून न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीत अडतिसाव्या मजल्यावर बसत. ते भिक्खू नव्हते, सेनापती नव्हते, कुठल्या बलाढ्य देशाचे पुढारीही नव्हते. मूळचे एका खेडेवजा गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. पण १९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुबॉम्ब घेऊन एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा दोघांच्या मध्ये जाऊन जरा थांबा म्हणणारा जो माणूस होता, तो हाच. त्यांचं नाव ऊ थांट. संयुक्त राष्ट्रसंघाचे तिसरे सरचिटणीस, आणि त्या खुर्चीवर बसलेले पहिले आशियाई. रोज नेमाने ध्यान करणारे बौद्ध उपासक.

ब्रह्मदेशात आडनावाची पद्धत नाही. ‘ऊ’ हा मानाचा शब्द, आपण नावापुढे राव किंवा साहेब लावतो तसा. खरं नाव एवढंच, थांट. त्या भाषेत त्याचा अर्थ निर्मळ, शुद्ध.

पंतनावचे मास्तर

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याकडे जुन्या माणसांना मंडालेचा तुरुंग आठवतो, नाहीतर रत्नागिरीतला थिबा राजाचा राजवाडा. थांट जन्मले ते मात्र खाली दक्षिणेला, इरावती नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीच्या मुलखात, पंतनाव या गावी. जन्मतारीख २२ जानेवारी १९०९. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, लेखाच्या शेवटी तिचं काम आहे.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडील ऊ पो नित हे तांदळाच्या धंद्यातले, वाचनाची आवड असलेले. रंगूनचं ‘द सन’ वर्तमानपत्र उभं करण्यात त्यांचा हात होता. पोराला इंग्रजी पुस्तकांची गोडी लागली ती घरातूनच. पण थांट चौदा वर्षांचे असताना वडील वारले आणि घराचे वासे फिरले. इस्टेटीवरून भाऊबंदकी लागली. आई दॉ नान थाउंग आणि चार मुलगे, त्यात थांट थोरले. आपल्याकडे असं झालं की थोरल्याचं शिक्षण थांबतं. तिथेही तसंच झालं. रंगूनच्या कॉलेजात ते गेले खरे, पण चार वर्षांची पदवी परवडणारी नव्हती. दोन वर्षांचं शिक्षण उरकून १९२८ साली ते गावी परतले आणि तिथल्याच नॅशनल हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. १९३१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मुख्याध्यापक.

कॉलेजात त्यांना एक मित्र मिळाला होता, ऊ नू. पुढे हेच ऊ नू स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान झाले. त्या काळात तेही पंतनावच्या शाळेत कामाला आले होते. दोघांची दोस्ती जन्मभर टिकली.

मास्तरकीच्या जोडीला थांट वर्तमानपत्रांत लिहीत, भाषांतरं करत. १९३३ साली त्यांनी राष्ट्रसंघावर, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या जुन्या संघावर, एक पुस्तक लिहिलं. इंग्रजांच्या गुलामीतल्या देशातला चोवीस वर्षांचा शाळामास्तर सगळ्या जगाच्या पंचायतीवर पुस्तक लिहितो, हे तेव्हा लोकांना गमतीचंच वाटलं असेल. पण माणूस काय होणार याची खूण अशी आधीच दिसत असते.

महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. शाळांतून जपानी भाषा सक्तीने शिकवा, असा हुकूम आला. थांट मास्तरांनी तो पाळला नाही. आरडाओरडा केला नाही, मोर्चा काढला नाही, नुसतं शिकवलं नाही. हा त्यांचा स्वभाव पुढेही असाच दिसतो.

रंगूनमधली वर्षं आणि बाबासाहेबांची भेट दिलेला काळ

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याआधी सहाच महिने त्यांचे नेते आंग सान यांचा सहकाऱ्यांसकट खून झाला होता. ऊ नूंनी देश हाती घेतला आणि पंतनावच्या मित्राला बोलावून घेतलं. थांट आधी प्रसिद्धी खात्यात, मग रेडिओवर, मग माहिती खात्याचे सचिव झाले. देशभर बंडाळी माजली होती. त्या धुमाळीत बंडखोरांनी पंतनावचं त्यांचं घर जाळून टाकलं. स्वतःचं घर जळालेलं पाहिलेला हा माणूस होता. शांतता हा त्यांच्यासाठी भाषणाचा विषय नव्हता.

१९५१ पासून ते पंतप्रधानांचे सचिव होते. याच काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली. आणि याच काळात, डिसेंबर १९५४ मध्ये, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनासाठी रंगूनला गेले होते. दोन वर्षांनी नागपूरला जी धम्मक्रांती झाली, तिच्या तयारीच्या वाटेवर रंगून आहे. ज्या सरकारने त्या परिषदेचं यजमानपद केलं, त्या सरकारच्या पंतप्रधानाच्या कचेरीत तेव्हा थांट कामावर होते.

१९५५ च्या बांडुंग परिषदेलाही ते गेले. नेहरू, नासर, चाऊ एन लाय, सुकार्नो या सगळ्यांना त्यांनी जवळून पाहिलं. नुकतेच स्वतंत्र झालेले देश कुणाच्याच गोटात जाऊ इच्छित नव्हते. १९५७ साली थांट संयुक्त राष्ट्रसंघात ब्रह्मदेशाचे प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला गेले ते हीच भूमिका घेऊन.

पन्नास मेगाटनचा आठवडा

१८ सप्टेंबर १९६१ ला सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड आफ्रिकेत विमान अपघातात गेले. खुर्ची रिकामी झाली. सोव्हिएत रशियाचं म्हणणं, एक सरचिटणीस नकोच, तीन नेमा. अमेरिकेला ते मंजूर नव्हतं. शेवटी ज्याच्यावर कुणाचाच राग नाही असा माणूस शोधता शोधता थांटांवर बोट थांबलं. ३ नोव्हेंबर १९६१ ला ते हंगामी सरचिटणीस झाले.

तो आठवडा कसला होता ते पाहा. महासत्तांनी १९५८ पासून अणुचाचण्या आपणहून थांबवल्या होत्या. १ सप्टेंबर १९६१ ला रशियाने पुन्हा सुरू केल्या, दोन आठवड्यांत अमेरिकेनेही. आणि थांट खुर्चीत बसायच्या चारच दिवस आधी, ३० ऑक्टोबरला, रशियाने उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्लया बेटांवर जगातला आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब उडवला. ताकद सुमारे पन्नास मेगाटन. म्हणजे हिरोशिमावर जो बॉम्ब पडला त्याच्या तीन हजार पटींहून जास्त.

नव्या सरचिटणिसांच्या हातात काय होतं? सैन्य नाही, पैसा नाही, व्हेटो नाही. बोलवायचा अधिकार, बोलायचा अधिकार आणि पत्र लिहायचा अधिकार. बस.

त्यात घरचं दुःख. एक मुलगा लहानपणीच गेला होता. १९६२ साली दुसरा मुलगा तीन मौंग थांट, ऐन एकविशीतला, रंगूनमध्ये बसमधून पडून वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये जनरल ने विन यांनी लष्करी उठाव करून ऊ नूंना तुरुंगात टाकलं. मुलगा गेला, मित्र कैदेत, देश लष्कराच्या ताब्यात. त्या वर्षाचा ऑक्टोबर अजून यायचाच होता.

तेरा दिवस

क्युबा हे अमेरिकेच्या दाराशी असलेलं बेट. तिथे फिडेल कॅस्ट्रोंची क्रांती झालेली. रशियाने गुपचूप तिथे अण्वस्त्रं डागणारी क्षेपणास्त्रं नेऊन बसवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या टेहळणी विमानांनी फोटो काढले. २२ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडींनी टीव्हीवर ही बातमी जगाला सांगितली आणि क्युबाभोवती आरमाराची नाकेबंदी जाहीर केली. रशियन जहाजं तर समुद्रात वाटेवरच होती. नाकेबंदी मोडली तर गोळी सुटणार, गोळी सुटली तर पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक.

सुरक्षा समितीत दोघे एकमेकांवर तुटून पडले. तेव्हा चाळीसेक तटस्थ देशांचे प्रतिनिधी थांटांकडे आले, काहीतरी करा म्हणाले. २४ ऑक्टोबरला थांटांनी दोन पत्रं पाठवली. एक केनेडींना, एक ख्रुश्चेव्हना. दोन्ही पत्रांतला मजकूर एकच, शब्दाला शब्द. मागणी साधी होती. दोन-तीन आठवडे रशियाने शस्त्रं पाठवणं थांबवावं, तेवढेच दिवस अमेरिकेने नाकेबंदी थांबवावी, त्या वेळात बोलणी करावी. चूक कोणाची याबद्दल एक अक्षर नाही.

वाचकहो, मजकूर एकच ठेवण्यात मोठी समज आहे. गावात दोन घरांत भांडण लागलं आणि मध्यस्थाने एकाला एक सांगितलं, दुसऱ्याला दुसरं, की संपलं. दोघांना तोच कागद मिळाला तर संशयाला जागा राहत नाही. शिवाय दुसरी गोष्ट, भांडणारा माणूस समोरच्याच्या धमकीला घाबरून मागे हटत नाही, त्यात त्याची अब्रू जाते. पण तिसऱ्या भल्या माणसाने विनंती केली म्हणून दोन पावलं मागे आलो, असं त्याला घरी सांगता येतं. थांटांनी दोन्ही महासत्तांना हीच वाट करून दिली.

ख्रुश्चेव्हनी पत्राला होकार दिला. केनेडी तयार नव्हते, कारण बेटावरच्या क्षेपणास्त्रांचं काम थांबावं असं त्या पत्रात म्हटलं नव्हतं. लगेच दुसऱ्या दिवशी थांटांनी पुन्हा पत्रं लिहिली. रशियन जहाजांनी काही दिवस नाकेबंदीच्या पट्ट्यात येऊ नये, अमेरिकन जहाजांनी त्यांच्याशी समोरासमोर भिडणं टाळावं. या दुसऱ्या पत्राची कल्पना अमेरिकेच्याच बाजूने पुढे आली होती, हे नंतर कागदपत्रांतून उघड झालं. म्हणजे केनेडींनाही थांबायला एक निमित्त हवंच होतं, आणि ते देण्यासारखा माणूस एकच होता. या वेळी दोघांनीही मान्य केलं. शस्त्रं नेणारी काही जहाजं त्याआधीच वाटेतून परत फिरली होती, हेही खरं आहे. पण उरलेल्यांचा प्रश्न सुटला आणि समुद्रातली टक्कर टळली.

मग २७ ऑक्टोबरचा शनिवार उजाडला. क्युबावर अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. त्याच दिवशी समुद्राखाली बी-५९ ही रशियन पाणबुडी अमेरिकन आरमाराने घेरली होती. तिच्यावर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता. कप्तान तो सोडायच्या बेताला आला असताना वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला आवरलं, ही गोष्ट जगाला कळायला चाळीस वर्षं लागली. बेटावर ४०,००० हून जास्त रशियन सैनिक होते, अमेरिकेचा अंदाज त्याच्या कितीतरी खाली. लहान पल्ल्याची अण्वस्त्रंही तिथे येऊन पोचली होती, तेही १९९२ सालानंतरच कळलं. अमेरिकेने हल्ला केला असता तर काय झालं असतं, याचा विचार आज केला तरी अंगावर काटा येतो.

त्या शनिवारी केनेडींनी आणखी एक गुप्त तजवीज करून ठेवली होती, जी त्यांचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी १९८७ साली उघड केली. सगळे उपाय हरले तर थांटांनीच जाहीर सुचवायचं, की रशियाने क्युबातून आणि अमेरिकेने तुर्कस्तानातून आपापली क्षेपणास्त्रं काढावीत, आणि मग केनेडींनी थांटांची सूचना मान्य करायची. ती वेळ आली नाही. खासगीत तोच सौदा ठरला आणि २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं परत नेण्याची घोषणा केली. पण शेवटच्या क्षणी कोणाच्या तोंडून शब्द यायला हवा, हे जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाने आधीच ठरवून ठेवलं होतं. एवढी पत एका शाळामास्तराने वर्षभरात कमावली होती.

हवानाची फेरी

लोक समजतात इथेच गोष्ट संपली. तसं नव्हतं. कॅस्ट्रो भयंकर चिडले होते. त्यांच्या देशाविषयीचा सौदा त्यांना न विचारता झाला होता. ३० ऑक्टोबरला थांट स्वतः विमानाने हवानाला गेले. बरोबर त्यांचे लष्करी सल्लागार, आपले भारतीय सेनाधिकारी इंदरजीत रिखी होते. क्षेपणास्त्रं खरोखर हलवली जातात की नाही हे राष्ट्रसंघाच्या माणसांना बेटावर येऊन पाहू द्या, अशी मागणी होती. कॅस्ट्रोंनी साफ नकार दिला. आमच्या जमिनीवर परका तपासनीस येणार नाही, अमेरिकेच्या जमिनीवर कोणी जातं का, असा त्यांचा सवाल होता.

थांटांनी त्यांना दटावलं नाही. लहान देशाचा अपमान काय असतो हे ब्रह्मदेशाच्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मेजर अँडरसनचा मृतदेह माणुसकी म्हणून परत द्या, एवढं मात्र मागून घेतलं, आणि कॅस्ट्रोंनी ते मान्य केलं. क्षेपणास्त्रं सोडवण्याचं काम चालू आहे, हे तिथल्या रशियन अधिकाऱ्यांकडून समजून घेऊन ते परतले. पुढे तपासणी समुद्रातच झाली, परत जाणाऱ्या जहाजांवरची क्षेपणास्त्रं अमेरिकन विमानांनी आणि जहाजांनी मोजली. २० नोव्हेंबरला नाकेबंदी उठली. जानेवारी १९६३ मध्ये अमेरिका आणि रशिया या दोन्ही देशांनी मिळून एकाच पत्राने थांटांचे आभार मानले. भांडणाऱ्या दोन घरांनी एका कागदावर सह्या करून मध्यस्थाचे आभार मानावेत, असं क्वचितच घडतं.

त्याआधी ३० नोव्हेंबर १९६२ ला त्यांच्या नावापुढचा हंगामी हा शब्द निघाला होता.

उपेक्षा आणि उपेक्खा

इथे जरा थांबून एका शब्दाकडे पाहू. आपल्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. उपेक्षित समाज म्हणतो तो याच अर्थाने. पण पालीतली उपेक्खा निराळी आहे. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार ब्रह्मविहारांतली ती चौथी. लाभ-हानी, स्तुती-निंदा यांनी न हलणारं समतोल मन, हा तिचा अर्थ. थांट या चारही गोष्टी आपल्या जगण्याचा पाया मानत आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७८ साली निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्या सविस्तर मांडल्या आहेत.

त्यांच्यावर टीका करणारे म्हणत, हा माणूस थंड आहे, कुणाची बाजू घेत नाही. त्यांना उपेक्खा ही उपेक्षा वाटली. पण ज्याला काही पडलेलं नसतं तो हवानाला जात नाही. मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांच्या मधोमध डोळे मिटून बसणं नव्हे. दोन्ही टोकांना हात पुरेल अशा जागी उभं राहणं, हा मध्यम मार्ग.

करारांची वाट

क्युबाच्या भीतीने महासत्ता थोड्या शहाण्या झाल्या. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदी करारावर अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने सह्या केल्या. थांट त्या समारंभाला हजर होते. हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात स्फोट करायचे नाहीत, असं ठरलं. चाचण्या थांबवा अशी मागणी नेहरूंनी १९५४ सालीच केली होती, म्हणून भारतानेही लगेच सही केली. जमिनीखालचे स्फोट मात्र चालूच राहिले. फ्रान्स आणि चीन करारात आले नाहीत. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला स्फोट केला. चीनला बाहेर ठेवून निःशस्त्रीकरण होणार नाही, हे थांट सांगत राहिले. अमेरिकेला ते आवडत नसे.

थांटांचं एक काम फारसं कुणी सांगत नाही. अणुबॉम्बविषयी लोकांना नुसती भीती आहे, नीट माहिती नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी बारा देशांचे बारा तज्ज्ञ बोलावले आणि अण्वस्त्रं वापरली तर काय होईल, ती बाळगायला काय खर्च येतो, याचा अहवाल करून घेतला. ऑक्टोबर १९६७ मध्ये तो निघाला. त्या बारांत आपले विक्रम साराभाई होते. होमी भाभा गेल्यावर मुंबईच्या अणुऊर्जा आयोगाची सूत्रं त्यांच्याकडे आली होती. अमेरिकन, रशियन, जपानी आणि भारतीय तज्ज्ञांनी एका अहवालावर सही करणं, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. १९६९ साली थांटांनी असाच अहवाल रासायनिक आणि जंतुशस्त्रांवर करून घेतला. १९७२ साली जंतुशस्त्रबंदी करार झाला, त्याच्या मागे त्या अहवालाचा वाटा आहे.

१ जुलै १९६८ ला अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० ला अमलात आला. त्याचा सौदा असा. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी. बाकीच्यांनी बॉम्ब करायचा नाही. त्याच्या बदल्यात त्यांना शांततेच्या कामासाठी अणुशक्ती मिळेल, आणि पाच देश प्रामाणिकपणे निःशस्त्रीकरणाची बोलणी करतील. भारताने सही केली नाही. काहींनी बाळगावा आणि बाकीच्यांनी हात जोडावेत, हा भेदभाव आहे, असं भारताचं म्हणणं. वर्णव्यवस्थेचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाला हा मुद्दा पटकन कळतो. थांट कराराच्या बाजूचे होते, पण मोठ्यांनी आपला शब्द पाळला नाही तर करार लंगडा पडेल, हे तेही बजावत होते. १९७० चं दशक निःशस्त्रीकरण दशक म्हणून पाळावं ही सूचना त्यांचीच. महासभेने ती स्वीकारली.

जे जमलं नाही

चरित्र लिहायचं म्हणून नुसती स्तुती करणं बरं नव्हे. थांटांच्या पदरी अपयशही आलं. व्हिएतनामचं युद्ध मिटवण्यासाठी त्यांनी रंगूनमध्ये गुप्त बोलणी घडवण्याचा प्रयत्न केला, तो अमेरिकेने मनावर घेतला नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या मागणीवरून त्यांनी सिनाईतली राष्ट्रसंघाची सेना काढून घेतली, तीन आठवड्यांत अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तो दोष अनेकांनी त्यांच्या माथी मारला. यजमान देशाची परवानगी संपल्यावर सेना ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. पण त्यांनी आणखी थोडी टाळाटाळ करायला हवी होती असं मानणारे आजही आहेत. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाक युद्ध चालू असताना ते रावळपिंडीला आणि दिल्लीला येऊन गेले. युद्धबंदी झाली, काश्मीरचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. जवाहरलाल नेहरूंच्या नावाचा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा पहिला पुरस्कार, १९६५ सालचा, भारताने त्यांनाच दिला.

आणि मुख्य म्हणजे अण्वस्त्रं कमी झाली नाहीत. ३१ डिसेंबर १९७१ ला ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पहिल्या दिवसापेक्षा जगात कितीतरी जास्त बॉम्ब होते.

मरणानंतरची वरात

२५ नोव्हेंबर १९७४ ला न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय पासष्ट. अस्थी नव्हे, देह मायदेशी न्यायचा होता. पण ने विन यांचा त्यांच्यावर डूख होता. १९६९ साली ऊ नूंनी न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या इमारतीत ने विन यांच्याविरुद्ध पत्रकार परिषद घेतली होती. थांट तेव्हा बाहेरगावी होते, तरी राग त्यांच्यावर निघाला.

१ डिसेंबरला शवपेटी रंगूनच्या विमानतळावर उतरली. ज्यांच्यासाठी जगभर झेंडे खाली आले, त्यांना मायदेशात सरकारी मान नाही. एक उपशिक्षणमंत्री तेवढे गेले, त्यांना नंतर पदावरून काढलं. देह रेसकोर्सच्या मैदानावर ठेवला. लोक मात्र हजारोंनी आले.

५ डिसेंबरला अंत्ययात्रेच्या दिवशी विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेतली आणि विद्यापीठात नेली. लष्कराने १९६२ साली सुरुंग लावून उडवलेल्या विद्यार्थी संघटनेच्या इमारतीच्या जागेवर त्यांनी आपल्या हातांनी समाधी बांधली. ८ तारखेला तिथे दफन केलं. ११ डिसेंबरच्या पहाटे लष्कर आत घुसलं, पोरांना मारलं, काहींचे जीव गेले, आणि शवपेटी काढून श्वेडगोन पगोड्याजवळ पुरली. शहरात दंगली उसळल्या, लष्करी कायदा पुकारला गेला. आयुष्यभर ज्याने दोन फौजांना आमनेसामने येऊ दिलं नाही, त्याच्या शवपेटीवर त्याच्याच देशाची फौज चालून गेली.

आपल्यासाठी

थांट गेले त्याच वर्षी, १८ मे १९७४ ला, भारताने पोखरणला पहिला अणुस्फोट केला आणि त्या स्फोटाला बुद्धाचं नाव चिकटलं. हसरा बुद्ध. पुन्हा ११ मे १९९८ ला स्फोट झाले ते बुद्धपौर्णिमेलाच. देशाच्या संरक्षणासाठी बॉम्ब हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात, आपल्या विहारातही आहेत. पण तथागताचं नाव त्याला का? याचं उत्तर आपल्याला कुणी दिलेलं नाही, आणि आपण ते पुरेशा आवाजात मागितलेलंही नाही. बुद्धाचं नाव अण्वस्त्रांच्या संदर्भात घ्यायचंच असेल, तर ते थांटांच्या दोन पत्रांसोबत घ्यावं. तिथे ते शोभतं.

आज जगात बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. अमेरिका आणि रशियातला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ साली मोडला. १९९६ ची संपूर्ण चाचणीबंदी अजून अमलात आलेली नाही. एक गोष्ट मात्र घडली. अण्वस्त्रं बनवणं, बाळगणं, वापरण्याची धमकी देणं हे सगळं बेकायदा ठरवणारा नवा करार लहान लहान देशांनी पुढाकार घेऊन केला. अण्वस्त्रधारी एकही देश त्यात नाही, भारतही नाही. तो करार अमलात आला ती तारीख २२ जानेवारी २०२१.

पंतनावच्या मुख्याध्यापकाचा तो वाढदिवस. तारीख कुणी ठरवून निवडली नव्हती. पन्नासाव्या देशाने मान्यता दिल्यापासून नव्वद दिवस मोजले, तेव्हा ती आपसूक आली. पुढच्या वर्षीपासून आपल्या विहारात २२ जानेवारीला संध्याकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटं मुलांना या माणसाची गोष्ट सांगितली, तर कुणाला हरकत असू नये.